जॉगिंग ट्रॅकपेक्षा मागचे फाटक महत्त्वाचे

आपण विचारले आहे की, ज्या नव्या वसाहतीत आपण घर घेत आहात तिच्या आराखड्यात जॉगिंग ट्रॅक आणि व्यायामशाळा दाखवली आहे, तर त्यामुळे रहिवाशांचे चालणे-फिरणे वाढेल का. मी पुण्यात रस्त्यांच्या आराखड्यांचे काम करतो आणि माझे उत्तर 'फारसे नाही' असे आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते, म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटे. एवढे चालणे दूध, भाजी, शाळा आणि बसथांबा यांच्या फेऱ्यांतच होऊन जाते. मात्र ही ठिकाणे पायी दहा मिनिटांच्या आत हवीत.

आपल्या वसाहती फसतात त्या इथेच. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे भाजीवाले बसतात आणि गॅलरीतून गवारीचे ढीगही दिसतात, पण सुरक्षेच्या नावाखाली मागचे फाटक कुलूपबंद असल्याने पुढून जवळजवळ एक किलोमीटरचा वळसा पडतो, आणि कोथिंबिरीच्या एका जुडीसाठीही लोक स्कूटर काढतात. (किल्ली कोणाकडे आहे, हे तीन वर्षांत उलगडलेले नाही.)

नेदरलँड्समधील उट्रेख्टजवळच्या हाउटेनने वळसा मोटारीच्या वाट्याला दिला. तेथे एका भागातून दुसऱ्या भागात मोटार न्यायची तर बहुतेक वेळा बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर जावे लागते, तर सायकलस्वार आणि पादचारी गावाच्या मधून थेट स्टेशनापर्यंत पोहोचतात. सायकल हाच जवळचा मार्ग असल्यावर तिचे फायदे कोणाला पटवून द्यावे लागत नाहीत.

पदपथाचे म्हणाल, तर रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी लागते. ती झाड, विजेची पेटी आणि फलक वगळून मोजावी. शिवाय प्रत्येक फाटकापाशी पदपथ तोडून उतार केला, की गुडघे दुखणारी माणसे चढ-उतार टाळण्यासाठी सरळ रस्त्यावरून चालू लागतात. तेथे पदपथ सलग ठेवून गाडीनेच वर चढावे.

बिल्डरकडे जाल तेव्हा आराखड्यावर आपल्या इमारतीपासून शाळेपर्यंत पेन्सिलने सरळ रेघ ओढा. ती जिथे भिंतीला अडेल तिथले फाटक आत्ताच मागून घ्या. ताबा मिळाल्यावर भिंत फोडण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झालेला मी अजून पाहिलेला नाही.