सुंदरबनात सुंदरी विरळ का?

प्रश्न : सुंदरबनाच्या भारतीय भागात आम्ही नुकतेच जाऊन आलो. ज्या झाडावरून त्या वनाला नाव पडले असे मानतात, ते सुंदरीचे झाड बोटीतून अगदी क्वचित दिसले. ते इतके कमी का झाले? आमच्याकडच्या खाडीत रोपे लावून ते जगवता येईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमचे निरीक्षण बरोबर आहे. सुंदरी ही खारफुटी असली तरी तिला निव्वळ खारे पाणी मानवत नाही. नदीचे गोडे पाणी जिथे भरतीच्या पाण्यात भरपूर मिसळते तिथेच ती उंच वाढते. गंगेचा मुख्य प्रवाह गेल्या काही शतकांत पूर्वेकडे सरकत गेल्याने मातला, विद्याधरी यांसारख्या पश्चिमेकडील नद्यांचा वरून येणारा पुरवठा तुटला आणि त्या जवळजवळ समुद्राच्याच शाखा होऊन बसल्या. म्हणून तुम्हाला तिथे गेवा आणि गरान या खारेपणा सोसणाऱ्या खारफुटीच जास्त दिसल्या. सुंदरीची खरी दाटी बांगलादेशात, बलेश्वर नदीच्या बाजूला आहे.

तिथेही ती सुखरूप नाही. १९७५ मध्ये पश्चिम बंगालमध्ये गंगेवरचा फराक्का बंधारा सुरू झाल्यावर उन्हाळ्यात पद्मेचे, म्हणजे बांगलादेशातल्या गंगेचे, पाणी घटले. तिच्यापासून फुटणारी आणि त्या भागाला गोडे पाणी पुरवणारी गोराई नदी गाळाने भरून कोरड्या महिन्यांत रोडावू लागली. झाड शेंड्याकडून खाली वाळत येण्याच्या विकाराला तिकडे ‘आगामरा’ म्हणतात. त्यामागे वाढता खारेपणा, मुळांवर साचणारा गाळ आणि बुरशी अशी अनेक कारणे सांगितली जातात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत सुंदरीची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे.

आता तुमच्या रोपांविषयी. कल्पना चांगल्या मनाने सुचली आहे, पण मी ती सुचवणार नाही. कांदळाचे बी झाडावरच रुजून, लांब शेंगेसारखे होऊन चिखलात पडते. सुंदरीचे तसे नसते: तिचे कडक, पाठीवर कणा असलेले फळ पाण्यावर तरंगत जाते आणि चिखलात टेकल्यावर मग रुजते, त्यामुळे कोवळ्या रोपाला खारेपणाचा मार सुरुवातीपासूनच बसतो. कोकणातल्या नद्या आखूड. पावसाळा सरला की त्यांचे पाणी ओसरते आणि एप्रिल-मे महिन्यांत खाडी पार खारट होते. शिवाय परकी जात आणून लावण्यापेक्षा, २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून घोषित झालेली पांढरी चिपी तुमच्या खाडीत असेल तर ती राखणे अधिक उपयोगाचे. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा लागवड करायचीच झाली तर आधी वनविभागाशी बोलावे.

सुंदरीचे भवितव्य रोपवाटिकेपेक्षा नदीतल्या पाण्यावर अधिक अवलंबून आहे. तोडबंदी आवश्यकच, पण ती खारेपणा कमी करत नाही. गोराईचा गाळ उपसण्याची कामे झाली, मात्र गाळ पुन्हा येतोच. फराक्काच्या पाणीवाटपाचा भारत-बांगलादेश करार १२ डिसेंबर १९९६ रोजी ३० वर्षांसाठी झाला होता. त्यानंतरच्या व्यवस्थेत जानेवारी ते मे या काळात गोराईकडे किती पाणी वळते, याकडे सुंदरीची काळजी असणाऱ्यांनी लक्ष ठेवावे.