आई पंप कुणासाठी मागते?

माई,
येत्या १२ मेला आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतात. दोघं देवगडजवळच्या आमच्या गावी असतात. सोबत धाकटा भाऊ आणि भावजय. घर, आंब्याची कलमं, सगळं भाऊ-भावजयच बघतात. दादा पुण्याला, मी डोंबिवलीत. दादाला तारकर्लीच्या रिसॉर्टवर दीडशे माणसांची सरप्राइज पार्टी करायचीय, केक, डीजे, सगळं. तिघांनी ५०-५० हजार काढू म्हणतो. माझं म्हणणं, घरीच करूया. खळ्यात माटव, म्हणजे अंगणात मांडव, असतोच, जेवणाचं भावजय बघेल, ती तिथेच असते. धाकटा काहीच बोलत नाही. आईला फोनवर सहज विचारलं, काही करूया का, तर म्हणाली, "माका काय्येक नको. त्या पैशात बावीर पंप बसवा." गेल्या वर्षी मनगट मोडल्यापासून ती विहिरीवर पाणी शेंदायला जातच नाही, मग तिला पंप कशाला? दादाशी माझं आठ दिवस बोलणं नाही. काय करू?
— एक लेक, डोंबिवली

प्रिय लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडले. "जेवणाचं भावजय बघेल, ती तिथेच असते." तुझ्या मनात काही वाईट नाही, हे मला कळतं. पण एवढ्या पत्रात तिच्याबद्दल ही एकच ओळ आहे, आणि तीही तिच्यावर काम टाकणारी. आता शेवटी आईचं जे वाक्य तू लिहिलंयस, ते याच्याशेजारी ठेवून बघ. आई पाणी शेंदत नाही, हे तूच सांगतेस. मग रोज विहिरीवर कोण जातं? मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, दोर जास्तच सोडावा लागतो. तुझी आई पंप स्वतःसाठी मागत नाहीये गं. ती सुनेसाठी मागतेय. तिच्या तोंडावर कधी बोलली नसेल, बहुतेक सासवा बोलत नाहीत, पण रोज पडवीत बसून ती बघते आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं, पंप बसवाच. कार्यक्रमाऐवजी नाही, कार्यक्रमाच्या आधी. एप्रिलमध्येच बसवून टाका. पाहुण्यांच्या दिवशी मांडवात माणसं असताना पाणी शेंदायची वेळ कुणावर येता कामा नये.

आता जेवण. देवगडकडे दीडशे माणसं जेवायला बोलवायची म्हणजे वडे आलेच. माणशी चार धरले तरी सहाशे वडे. पीठ आदल्या रात्री भिजवायचं, सकाळी मागीलदारी चूल पेटवायची आणि मे महिन्याच्या उकाड्यात कढईसमोर उभं राहून थापत-तळत बसायचं. तोवर पुढच्या दारी तुम्ही फोटो काढत असणार, आणि कुणीतरी आत हाक मारणार, "अगं, तूही ये की फोटोत!" ती पदराला हात पुसत येईल, कडेला उभी राहील आणि पुन्हा आत जाईल. असे फोटो आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. हे टाळायचं असेल तर जेवण बाहेर द्या. तुमच्या भागात बचत गटाच्या बायका अशा ऑर्डरी घेतात. वडे, सागोती म्हणजे मटण, ते न खाणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्यांची उसळ, सोलकढी, एवढं भरपूर झालं. भावजयीने त्या दिवशी नवी साडी नेसून माटवात बसायचं, हे तू ठरव आणि तू सांग. नणंदेने सांगितलं की त्याला वजन असतं.

तुझा धाकटा गप्प का, याचं कारणही मला पत्रातच दिसतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात हापूसची काढणी जोरात असते. पाऊस कधी येईल याचा नेम उरलेला नाही. २०२५ साली तर मान्सून २५ मेलाच देवगडपर्यंत येऊन ठेपला होता. त्याआधी झाडावरचा आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या, गाडी पकडायची. त्यात त्याच्यापुढे ५० हजार ठेवण्याची गोष्ट. वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून विक्रीची पट्टी येऊन हिशेब मिटेपर्यंत बागायतदाराच्या हातात रोकड किती असते, हे दादाला पुण्यात बसून कळणार नाही. आणि समान वाटा म्हणजे न्याय, हेही मला पटत नाही. मनगट मोडलं तेव्हा रात्री गाडी काढून आईला कोण घेऊन गेलं? त्याची किंमत कधी कुणी तीन ठिकाणी वाटली? त्याच्याकडून पैसे घेऊ नका. आणि घेत नाही हे चार माणसांत सांगूही नका. तू आणि दादा दोघांत खर्च बसवा, आणि तेवढ्यात बसेल एवढंच करा.

सरप्राइज मात्र अजिबात नको. हे मी अनुभवाने सांगते. माझ्या आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आम्ही भावंडांनी असंच ठरवलं. "देवळात जाऊन येऊया" म्हणून आईला घराबाहेर काढलं आणि थेट हॉलवर नेलं. दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. आईच्या अंगात रोजचा ब्लाउज होता, उजव्या खांद्यावर ठिगळ लावलेला. त्या दिवसाच्या एकूण एक फोटोत तिचा डावा हात उजव्या खांद्यावर आहे. हार घालताना, केक कापताना, नातवंडांना जवळ घेताना, सगळीकडे. आम्हाला ते फोटो धुऊन आल्यावर कळलं. तिने कधी तक्रार केली नाही. मी तो अल्बम आजही मोकळ्या मनाने उघडू शकत नाही.

तेव्हा आईला आधी सांगा. पण "काय हवं तुला?" असं विचारू नकोस. त्या पिढीच्या बाईला हा प्रश्न विचारला की उत्तर "काय्येक नको" हेच येतं, कारण हवं म्हणायची सवयच तिला कुणी लावली नाही. बारीक बारीक विचार. माहेरचं कोण यायला हवं? कुणाची भेट राहिली आहे? तिची एखादी बहीण, भावजय, शेजारची मैत्रीण आता एकटीने एसटी चढू शकत नसेल, तर तिला आणायला गाडी पाठवा. डीजेच्या पैशात अशा दोन-तीन गाड्या सहज होतील.

बाबांना माईक देऊन भाषण करायला लावू नका. त्यांना नारळ द्या आणि देवापुढे गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांसाठी मागणं मागायला, सांगा. आयुष्यात चार वाक्यं सलग न बोललेला माणूसही गाऱ्हाण्याला उभा राहिला की घरातल्या एकेकाचं नाव घेऊन न अडखळता बोलतो, आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात.

दादाचं काय, विचारशील. त्याला वाईट म्हणू नकोस. लांब राहणारा मुलगा मोठं काहीतरी करायला बघतो, कारण रोजचं काही करता येत नाही, याची टोचणी त्याला असते. त्याला फोन कर आणि भांडण पुढे न नेता पंपाची गोष्ट सांग. पंप त्याच्याकडे सोपव, संपूर्ण. मोटर, पाइप, वायरमन, सगळं. त्याला मोठं काम हवंय, हे मोठं आहे.

दिवसाचं म्हणशील तर १२ तारखेला मंगळवार येतो. माणसं रविवारी, १० मेला बोलवा. आणि १२ला फक्त घरातली माणसं, घावणे-रस करून, दुपारची झोप काढून. शुक्रवारी ८ मेच्या रात्री कोकणकन्या एक्सप्रेसने निघालात तर शनिवारी सकाळी कणकवलीला उतराल. तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात, म्हणजे सोमवारी ९ मार्चला सकाळी ८ वाजता बसावं लागेल. मे महिन्याच्या तिकिटांना दहा मिनिटं उशीर झाला तरी वेटिंग लागतं.

पण या सगळ्याआधी आज रात्री एक फोन कर. दादाला नाही, आईलाही नाही, भावजयीला. आंब्याची गाडी गेल्यावर, साडेआठ-नऊला. तिला विचार की हे घरी केलेलं तिला झेपेल का, आणि ती "होईल" म्हणाली तरी थोडी थांब, तिला पुढे बोलू दे. ती नको म्हणाली तर मांडव बाजूला ठेवा आणि गावातलाच हॉल बघा.

आणि आईला आत्ताच नवा ब्लाउज शिवायला टाकायला लाव. लग्नसराईत शिंपी महिना महिना लावतात.

तुझी,
माई