पर्समधली अर्धी गोळी

प्रश्न : वय ३६, बँकेत नोकरी. काही महिन्यांपूर्वी काउंटरवर असताना एकदम छातीत धडधडायला लागलं, हातांना मुंग्या आल्या, दरदरून घाम फुटला. आता आपलं काही खरं नाही, असंच वाटलं. ईसीजी, टू-डी इको, सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका.’ त्यानंतर असं बऱ्याचदा झालं. आता मी लिफ्टनं जात नाही, मीटिंगला दाराजवळच बसते. बहिणीच्या अल्प्राझोलामची (घबराट शमवणाऱ्या औषधाची) अर्धी गोळी पर्समध्ये असते, फारच झालं तर घेते. घरचे म्हणतात, मन घट्ट कर. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले तर आयुष्यभर गोळ्या मागे लागतील का?

उत्तर : रिपोर्ट नॉर्मल आले याचा अर्थ तुमचं हृदय ठीक आहे, एवढाच. तुम्हाला होणारा त्रास खराच आहे. तुमच्या वर्णनावरून हे पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके वाटतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. थायरॉइडची तपासणी राहिली असेल तर तेवढी करून घ्या. थायरॉइडचं हॉर्मोन वाढलं तरी अशीच धडधड होते.

मुंग्यांचं कारण समजलं की निम्मी भीती जाते. घाबरलं की नकळत श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटं, ओठ मुंग्या आल्यासारखे होतात. त्यावरून ‘हार्ट अटॅक’ असं मनात येतं आणि श्वास आणखी वाढतो. हृदयविकार, दमा वगैरे नाही याची खात्री करून मी पेशंटला समोर बसवून मिनिटभर भराभर श्वास घ्यायला लावते, बरोबर मीही घेते. जरा वेळानं पेशंट स्वतःच्या बोटांकडे बघायला लागतो. ‘डॉक्टर, हेच! अगदी हेच होतं मला.’ मग ते उतरेपर्यंत आम्ही तिथंच बसून राहतो.

अटॅक बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि आपसूक ओसरतो. अल्प्राझोलामचा असर जाणवायलाच साधारण अर्धा तास लागतो. म्हणजे तुम्ही बऱ्या होता त्या स्वतःच, आणि श्रेय जातं गोळीला. दाराजवळच्या खुर्चीचं आणि टाळलेल्या लिफ्टचंही तेच. टाळलं म्हणून वाचलो, असं मन दर वेळी शिकतं आणि भीती मुक्काम ठोकते. शिवाय तुम्हाला ज्या सवयीची धास्ती आहे, ती लागते याच गटातल्या गोळ्यांची. दुसऱ्याच्या नावावरची गोळी घेऊ नका. (कुणी वाचक त्या रोज घेत असतील तर त्यांनी मात्र एकदम बंद करू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी कराव्यात.)

आम्ही पॅनिकसाठी बहुधा एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन अशी औषधं देतो. त्यांची तशी चटक लागत नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात आणि सुरुवातीला थोडी मळमळ, बेचैनी वाढू शकते. नेमकं तेव्हाच अनेक जण औषध सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. फोन करा, डोस कमी करता येतो. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात, मग टप्प्याटप्प्यानं थांबवतात. बऱ्याच जणांना आयुष्यभर घ्यावं लागत नाही.

कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीही (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धत) तितकीच उपयोगी. काहींचं तिच्यावरच भागतं. तुमच्याबाबतीत थेरपिस्ट आधी कुणाला तरी बरोबर घेऊन एकच मजला लिफ्टनं जायला सांगतील, मग एकटीनं, मग पर्स बाहेर ठेवून. धडधड होईल. ती उतरेपर्यंत थांबायचं.

घरच्यांना माझा निरोप द्या : एवढं होत असूनही ही रोज काउंटरवर जाऊन बसते, आणखी किती घट्ट करायचं मन? पहिल्या भेटीला कुणीतरी सोबत या. अटॅक आला की ‘काय होतंय, काय होतंय’ असं विचारत राहू नका. शेजारी बसा, सावकाश श्वास सोडायला सांगा.

श्रम करताना छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर मात्र पॅनिक समजून घरी बसू नका. जगणं नकोसं वाटायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. एरवी या आठवड्यातच अपॉइंटमेंट घ्या. जाताना सध्याची सगळी औषधं, झोप, दिवसभरातला चहा-कॉफी हे कागदावर लिहून न्या, आणि गरोदरपणाचा विचार असेल तर तेही आधीच सांगा.