१८७० वर थांबू नका: यादवी युद्धावरील आपल्या आराखड्याविषयी

नमस्कार. आपण प्रबंधाचा आराखडा येथे देऊन, तो समितीपुढे जाण्याआधी कोणीतरी वाचावा अशी विनंती केली आहे. ‘अमेरिकेतील यादवी युद्ध, तीन घटनादुरुस्त्या आणि सामाजिक परिवर्तन (१८६१–१८७०)’ हे शीर्षक वाचून मी थबकले. काही वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत आणि नेमक्या याच कालखंडासह मी माझी नोंदणी केली होती, आणि कंसातल्या दुसऱ्या आकड्याने माझे दीड वर्ष खाल्ले.

युद्धाची कारणे, लढाया, लिंकन यांची हत्या हे सगळे आपल्याला ठाऊक असणारच. फक्त ‘१८६३ मध्ये गुलामगिरी संपली’ हे पहिल्या प्रकरणातले वाक्य आजच बदला. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर प्रदेशापुरता होता. संघराज्याशी (म्हणजे उत्तरेच्या बाजूशी) एकनिष्ठ राहिलेली केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही गुलामगिरीची राज्ये त्यात नव्हती, आणि दक्षिणेतल्या बंडखोर लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्ससह तेरा परगणेही नावानिशी वगळलेले होते. केंटकीत गुलामगिरी कायद्याने संपली ती तेराव्या दुरुस्तीने, म्हणजे डिसेंबर १८६५ मध्ये.

आता माझ्या मूळ चुकीकडे येते, कारण आपली प्रकरणांची मांडणी पाहता तीच चूक आपणही करत आहात. तीन दुरुस्त्या म्हणून तीन प्रकरणे: १८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी गेली, १८६८ मध्ये चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आले, १८७० मध्ये पंधराव्या दुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळाले, आणि मग निष्कर्ष. कलम मंजूर झाले म्हणजे समाज बदलला, असे मी कोठेही लिहिले नव्हते. पण मांडणी तेच सांगत होती. तिन्ही दुरुस्त्यांच्या शेवटी एक छोटे कलम आहे, ज्यात अंमलबजावणीचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, दिला आहे, आणि ते मी औपचारिक शेपूट समजून सोडून दिले. वास्तविक युद्धाने घडवलेला सर्वांत मोठा बदल तेथेच आहे. युद्धापूर्वी मूलभूत हक्कांची सनद केवळ केंद्राला बांधत असे, राज्यांना नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १८३३ मध्येच सांगितले होते. युद्धानंतर राज्य आपल्या माणसांशी कसे वागते हे विचारण्याचा अधिकार प्रथमच केंद्राकडे आला. मात्र विचारणारा हवा, आणि त्याच्यामागे बळ हवे. १८६७ पासून दक्षिणेत ते बळ लष्कराचे होते. १८७७ मध्ये लुइझियानाच्या सरकारमागे उभे असलेले सैन्य बराकीत परत गेले, आणि कलमे कागदावर शाबूत राहिली.

हा सगळा भाग १८७० नंतरचा आहे, हे माझ्या लक्षात आले तेव्हा दोन प्रकरणे लिहून झाली होती. कालखंड वाढवून मिळावा म्हणून मी संशोधन विभागात अर्ज घेऊन गेले. शीर्षकातील शब्द बदलता येतील, वर्षे नाहीत, असे तोंडी सांगण्यात आले. लेखी मागितले तर मार्गदर्शकांचे पत्र आणा; ते आणले तर विभागप्रमुखांचे आणा; तेही आणले तेव्हा समितीची बैठक पुढच्या सत्रात असल्याचे कळले. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर माझा अर्ज नव्हताच, कारण तो कोणत्या टेबलावर आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि आवक क्रमांकाची पोच मी घेतली नव्हती. हा दोष माझाही आहे, पण खिडकीपलीकडचा ‘मॅडम, १८७० काय आणि १८९० काय’ हा शेरा मी अजून विसरलेले नाही. आपल्या विद्यापीठाचे नियम वेगळे असू शकतील. तरीही नोंदणीआधीच वर्षे नीट ठरवा.

माझे मत विचाराल, तर संपूर्ण अमेरिका हा विषयही सोडा आणि एकटे लुइझियाना घ्या. मी कायद्याची अभ्यासक नाही, तेव्हा निकालांचे माझे वाचन इतिहासाच्या विद्यार्थिनीचे समजावे. परंतु मुक्त झालेल्या गुलामांसाठी केलेल्या चौदाव्या दुरुस्तीचा पहिला मोठा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला तो न्यू ऑर्लिन्सच्या खाटकांच्या दाव्यात, १८७३ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी आणि अतिशय आखडून. त्याच वर्षी त्याच राज्यातील कोलफॅक्स येथे ईस्टरच्या दिवशी गोऱ्यांच्या जमावाकडून डझनावारी कृष्णवर्णीय मारले गेले. ज्या मोजक्या आरोपींवर दोष सिद्ध झाला तेही १८७६ मध्ये सुटले, कारण ही दुरुस्ती राज्याला रोखते, खाजगी माणसांच्या जमावाला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. रेल्वेच्या वेगळ्या डब्यांना मान्यता देणारा १८९६ चा प्लेसी निकालही लुइझियानाच्याच कायद्यावरचा. त्यातील न्यायमूर्ती हार्लन यांचे एकट्याचे विरोधी मत अवश्य वाचा. मधल्या काळात, १८७० ते १८७७, न्यू ऑर्लिन्सच्या काही सरकारी शाळांत गोरी आणि काळी मुले एकत्र शिकत होती. युद्धाने काय शक्य केले होते, हे दाखवायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

प्रस्तावनेत आपण जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केल्याचा उल्लेख केला आहे. तो ठेवाच, पण अमेरिकेतील परिस्थितीचा पुरावा म्हणून नको. ती अर्पणपत्रिका १८७३ चीच, म्हणजे कोलफॅक्सच्या वर्षाची. पुण्याहून त्या युद्धाकडे कसे पाहिले गेले याचा ती पुरावा आहे, आणि तेवढेही पुष्कळ आहे.

राहिला शेवट. १८९८ च्या लुइझियाना राज्यघटनेने मतदारांवर साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट घातली, आणि जो स्वतः किंवा ज्याचा बाप वा आजा १ जानेवारी १८६७ रोजी मतदानाला पात्र होता त्याला ती माफ केली. त्या तारखेला तेथे कृष्णवर्णीयांना मत नव्हते, हे वेगळे सांगायला नको. पंधराव्या दुरुस्तीतला एकही शब्द न बदलता नोंदलेल्या कृष्णवर्णीय मतदारांची संख्या १८९६ मधील १,३०,३३४ वरून १९०४ मध्ये १,३४२ वर आली. वाढीव कालखंडासाठी मी कंसात १८९८ लिहिले होते, त्यामुळे हा दुसरा आकडा माझ्या कालखंडाबाहेर पडला आणि तळटीपेत ढकलावा लागला. आपण १९०४ लिहा, आणि अर्जाची पोच घ्या.