वाचकांचे प्रश्न : ‘ल्युमानिते’ या नावाचे दैनिक आणि चित्रपट

प्रश्न : आमच्या गावातील चित्रपट मंडळात ‘ल्युमानिते’ हा फ्रेंच चित्रपट दाखवला जाणार आहे. याच नावाचे डाव्या विचारांचे दैनिक पॅरिसहून निघते. चित्रपट त्या दैनिकाविषयी आहे काय?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : नाही. मानवजात, माणुसकी या अर्थाचे नाव तेवढे दोहोंत समान आहे.

समाजवादी नेते जाँ जोरेस यांनी हे दैनिक 18 एप्रिल 1904 रोजी सुरू केले. पहिले महायुद्ध टाळण्यासाठी ते अखेरपर्यंत झटले आणि 31 जुलै 1914 रोजी पॅरिसमधील एका कॅफेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. 1920 मध्ये समाजवादी पक्ष फुटल्यावर दैनिक कम्युनिस्टांकडे गेले. ऑगस्ट 1939 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, तरी 1944 मध्ये पॅरिस मुक्त होईपर्यंत ते गुप्तपणे छापले आणि वाटले जात होते. प्रतिसरकारच्या भूमिगत लढ्याच्या आठवणी ज्यांच्या घरांत आजही सांगितल्या जातात, त्या आपल्या भागातील वाचकांना या कामातील जोखीम वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

ब्रुनो द्युमाँ यांचा चित्रपट 1999 चा आहे. उत्तर फ्रान्समधील एका लहान गावात एका मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून होतो, आणि त्याचा तपास करणारा फॅराओं नावाचा पोलीस अधिकारी दुसऱ्याचे दुःख जणू स्वतःच्या अंगावर घेत फिरतो. गुन्ह्याचा उलगडा हा येथे दुय्यम भाग आहे. दिग्दर्शकाचे सारे लक्ष या अबोल माणसाच्या चेहऱ्याकडे आहे, आणि माझ्या मते चित्रपटाचे मोठेपण त्यातच आहे. त्या वर्षी कान महोत्सवात, डेव्हिड क्रोनेनबर्ग परीक्षक मंडळाचे अध्यक्ष असताना, त्याला ग्रां प्री हे दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळाले. एमान्युएल शोत्ते यांना उत्कृष्ट अभिनेत्याचे, तर सेव्हरिन कानील यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक, ‘रोझेटा’ या दुसऱ्या चित्रपटात रोझेटाची भूमिका करणाऱ्या एमिली दकेन यांच्यासह विभागून, मिळाले. शोत्ते आणि कानील हे दोघेही व्यावसायिक नट नव्हते, त्यामुळे या निर्णयावर तेथे बरीच नाराजी व्यक्त झाली. ती मला अन्यायकारक वाटते, कारण सराईत अभिनयाने फॅराओंचा तो अवघडलेपणा साधला नसता.

चित्रपट सुमारे अडीच तासांचा आणि अत्यंत संथ आहे. सुरुवातीलाच मृत मुलीचे दृश्य कोणताही आडपडदा न ठेवता दाखवले आहे. त्यामुळे खेळ केवळ प्रौढांसाठी ठेवावा आणि तशी सूचना मंडळाने निमंत्रणातच द्यावी.