लिंक म्हणजे कुलूप नव्हे

आमचा केळीचा व्यापार आहे. शेतात काट्यावर घडांचं वजन नोंदवायला अँड्रॉइड ॲप बनवून घेतलं. प्ले स्टोअरवर टाकायचं नाही. एपीके (ॲप इंस्टॉल करायची फाइल) ॲमेझॉनच्या एस-थ्री बकेटमध्ये (क्लाउडवरच्या साठवणुकीच्या कप्प्यात) सर्वांसाठी खुली ठेवून लिंक फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर दिली तर चालेल? – रावेर

नाही, असं करू नका. कटाईच्या टोळीतल्या एकानं फॉरवर्ड केलं की लिंक सावद्याच्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे पोचली. एप्रिल 2023 पासून नवीन बकेट मुळातच बंद असते, ती बंदच राहू द्या. प्रत्येक वेळी मुदतीची सही केलेली लिंक काढा, म्हणजे ठरलेल्या वेळेनंतर बंद पडणारी. तिची मुदत जास्तीत जास्त 7 दिवस ठेवता येते. तुम्हाला दोन तास पुष्कळ झाले. तेवढ्या वेळात मात्र ती ज्याच्या हाती पडेल त्याला चालते. म्हणून ॲपमध्ये सर्व्हरचा पासवर्ड अजिबात लिहू नका, कारण एपीके झिपसारखी उघडून पाहता येते.

नवीन एपीके जुन्यावर चढत नाही, 'ॲप इंस्टॉल झाले नाही' एवढंच येतं. जुनं काढलं तर चढतं, पण मिरचीच्या आवकेच्या नोंदी फोनमध्येच आहेत. – नंदुरबार

आधी एक करा: जुनं ॲप कोणालाही काढू देऊ नका. नोंदी त्याच्याबरोबर जातील.

बहुतेक वेळा एपीकेची डिजिटल सही, म्हणजे बनवणाऱ्याची ओळख, बदललेली असते. 'एपीकेसाइनर' या साधनानं दोन्ही फाइलींच्या प्रमाणपत्राचा एसएचए-256 ठसा (ओळख पटवणारी अक्षर-अंकांची ओळ) काढून शेजारी ठेवा. ठसे वेगळे असतील तर नवीन एपीके दुसऱ्या लॅपटॉपवर तयार झाली असणार. घाईत डीबग किल्लीनं (चाचणीसाठी लॅपटॉपवर आपोआप बनणाऱ्या किल्लीनं) सही केलेली ॲप मी बरीच पाहिली आहेत. ती किल्ली जुन्या लॅपटॉपवर, यूजरच्या '.अँड्रॉइड' फोल्डरमध्ये सापडते. तो लॅपटॉप फॉरमॅटला दिला असेल तर आत्ताच फोन करून थांबवा! किल्ली मिळाली की नवीन एपीकेवर तिनंच सही करा आणि तिच्या दोन प्रती करा, एक पेन ड्राइव्हवर कपाटात. एपीकेच्याच बकेटमध्ये ती ठेवू नका. ठसे सारखेच निघाले तर व्हर्जन कोड (ॲपच्या आवृत्तीचा आकडा) पाहा; तो आधीपेक्षा कमी चालत नाही.

आमची खासगी पायथन पॅकेजेस (प्रोग्रामचे तयार भाग) क्लाउडवर आहेत. पॅकेजेस उतरवणाऱ्या पिप या साधनाला 'एक्स्ट्रा इंडेक्स', म्हणजे जादा यादी, म्हणून तिथला पत्ता दिलाय. पुरेसं आहे? – धुळे

धोका आहे. पिप तुमच्याकडे आणि पायपीआय या पायथनच्या सार्वजनिक भांडारात, दोन्हीकडे शोधतो आणि सर्वांत वरची आवृत्ती उचलतो, तुमची आधी असं काही नसतं. तुमच्याच नावाचं पॅकेज कोणी पायपीआयवर मोठ्या आकड्यानं टाकलं तर तेच उतरेल. 2021 मध्ये सुरक्षा संशोधक ॲलेक्स बिर्सान यांनी ही वाट मोठमोठ्या कंपन्यांत शिरून दाखवली. एकच इंडेक्स द्या, लागणारी बाहेरची पॅकेजेसही त्यातच ठेवा. प्रकाशित करताना आधी फाइल चढवा, इंडेक्सचं पान शेवटी; उलट केलंत तर मधल्या मिनिटात इंस्टॉल करणाऱ्याला फाइलच सापडणार नाही.

30 एमबीची एपीके 60 फोनांवर अशी ॲमेझॉनवरून वाटायला खर्च किती येईल? – जळगाव

30 एमबीची फाइल 60 फोनांवर म्हणजे 1.8 जीबी. ॲमेझॉनवर महिन्याला 100 जीबी बाहेर जाणं मोफत आहे, त्यामुळे डाउनलोडचा खर्च धरूच नका. साठवणुकीचे थोडे पैसे लागतील. जुन्या आवृत्त्या मात्र ठेवा; नवीन बिघडली तर त्याच दिवशी मागे फिरता येतं.