सह्याद्रीतल्या मुक्कामी ट्रेकसाठी स्लीपिंग बॅग घ्यावी की क्विल्ट?

तुम्ही विचारलंय की डिसेंबर-जानेवारीत रांगणा, भुदरगड असे मुक्कामी ट्रेक करता, दीड किलोची स्लीपिंग बॅग पाठीवर नकोशी होते, तर क्विल्ट घ्यावी का? आणि तीच मे महिन्यात हिमाचलात सर पासला चालेल का?

आपल्या डोंगरांसाठी खुशाल घ्या. सर पासला नको. मात्र पैसे मोजकेच असतील तर ते आधी मॅटवर घाला, क्विल्ट नंतर.

ऊब कापडातून येत नाही, भरणात अडकलेल्या हवेतून येते. बॅगेत झोपलं की अंगाखालचं भरण दबून पापडासारखं होतं आणि हवा निघून जाते. तेवढं वजन आपण उगाच वाहतो. क्विल्टमध्ये हा खालचा भाग नसतोच. पायाकडे ती पिशवीसारखी बंद असते, वर मोकळी, आणि मॅटला अडकवायला पट्टे असतात. वजन कमी होतं, पण जमिनीची थंडी अडवायचं सगळं काम मॅटवर येतं. रांगण्यावर रांगणाई देवीच्या देवळात जे झोपलेत त्यांना हे ठाऊक आहे: वर काहीही पांघरा, पहाटे गारठा फरशीतून कमरेत शिरतो.

मॅट घेताना आर व्हॅल्यू बघा, म्हणजे मॅट जमिनीची थंडी किती अडवते त्याचा आकडा; जितका जास्त तितकी ऊब. आपल्या हिवाळ्याला २ च्या आसपास पुरते, आणि घडीची फोमची मॅट तेवढी देते. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर त्यांच्या आर व्हॅल्यूची बेरीज होते, हे ध्यानात ठेवा.

क्विल्टची खरी परीक्षा कूस बदलताना होते. गुडघे पोटाशी घेऊन झोपायची सवय असेल आणि रुंदी कमी पडली, तर पाठीमागे फट पडते आणि वारा थेट आत. म्हणून दुकानात नुसती हातात घेऊन बघू नका, अंगावर घेऊन आडवे व्हा, दोन्ही कुशींवर वळा. डोकं उघडं राहतं, तेव्हा कानटोपी हवीच. तापमानाचा आकडाही जरा बेतानं घ्या. चांगल्या बॅगांवर आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मोजलेला कम्फर्ट आकडा (किती थंडीपर्यंत आरामात झोप लागेल ते तापमान) असतो, क्विल्टवरचा बहुधा कंपनीचा स्वतःचा. चार-पाच अंश हातचे राखून घ्या.

भरण पिसांचं की सिंथेटिक? पिसं हलकी आणि छान दबतात, पण भिजली की फुगत नाहीत. तुम्ही पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंडही करत असाल तर माझं मत सिंथेटिकलाच. घरची वाकळ न्यायचा विचार असेल तर सोडून द्या: कापूस जड, आणि दव पिऊन आणखी जड.

सर पास साधारण ४,२०० मीटरवर आहे आणि मे महिन्यातही तिथं बर्फ असतो. तिथं डोक्यापर्यंत आवळता येणारी ममी बॅगच लागते. ट्रेक नेणाऱ्या बऱ्याच संस्था ती देतात, त्यामुळे आधी विचारा, मग खरेदीचं बघा.

आणि घरी आल्यावर क्विल्ट छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, भरण कायमचं बसतं. सैल सुती पिशवीत ठेवा, आणि आपल्याकडचा दमट पावसाळा सरला की दसऱ्याच्या सुमारास एकदा उन्हं दाखवा.